पोटॅशचं केळं

बटाटा बारीक चिरायचा, कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग भरपूर नवं पाणी घेऊन त्यात उकडायचा आणि तेही ओतून द्यायचं. जे उरेल त्याला फोडणी. गंगाफळ असो, पालक असो, सगळ्यांचं तेच. रोज सकाळी मोरीत ते पाणी ओतताना मला राग येतो. त्या पाण्याबरोबर भाजीची चवही जाते, पण राग चवीचा नाही. हे पाणी का ओतायचं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं, राग त्याचा आहे. डॉक्टर नुसतं करा म्हणाले. आणि तेसुद्धा मला नाही म्हणाले, माझ्या नवऱ्याला म्हणाले. त्यांनी जन्मात कधी बटाटा चिरलेला नाही.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या कमजोर झाल्या आहेत. आधी साखर निघाली, मग बीपी, मग हे. ते डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसतात. आम्ही पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहतो. शेती रावेरकडे आहे, केळीची. ती माझे जेठ बघतात, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. दर कापणीला तिकडून केळी येतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून असा एक महिना गेला नसेल की आमच्या खुंटीला केळी टांगलेली नाहीत.

ज्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी मी खुर्चीच्या मागे उभी होते. खुर्ची एकच होती. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "पोटॅशियम वाढतंय. फ्रूट्स बंद, नारळपाणी बंद, भाज्या लीच करून खायच्या. पाण्यात टाकायच्या, पाणी फेकायचं." नवऱ्याने मान डोलावली. पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"फळं बंद म्हणाले."

फळं बंद झाली. सफरचंद बंद, मोसंबी बंद, हातगाडीवरून येणारं सगळं बंद. केळी खुंटीला तशीच राहिली. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे केळं हे फळ नाहीच. फळ म्हणजे जे विकत आणतात ते. केळं घरचं. ते पोराला दात नसताना देतात आणि म्हाताऱ्याला दात पडल्यावर देतात, तापात देतात, जुलाबात देतात. भाकरी जाईना झाली की केळं. भाकरी बंद करा असं म्हटल्याशिवाय जसं कोणी भाकरी बंद करणार नाही, तसंच हे. डॉक्टर जळगावचे. दारात केळीचे ट्रक जातात. एवढा एक शब्द वेगळा काढून सांगितला असता तर त्यांच्या तोंडाचं काय झिजलं असतं?

मग एका दुपारी माझा नवरा मिलमधून रिक्षाने घरी आला आणि त्यांना ओट्याच्या पायऱ्या चढता येईनात. रिक्षावाल्याने आणि मी धरून आत आणलं. "पायात कापूस भरल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. मी छातीवर हात ठेवला. छाती चालायची आणि मध्येच थांबायची, जणू पुढचा ठोका द्यावा की नाही याचा विचार करते आहे. तसंच त्याच रिक्षाने दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, धावपळ झाली, इंजेक्शनं झाली. ठोके ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काही नाही," माझा नवरा म्हणाला. "सकाळी केळी खाल्ली, बस."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तोपर्यंत मी त्यांना दिसलेच नव्हते, तेव्हा पहिल्यांदा दिसले. "बाई, फ्रूट बंद सांगितलं होतं ना? माणूस मारायचाय का? घरात शिकलेलं कोणी नाही का तुमच्या?"

मी फरशीकडे बघत राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही, लहानपणापासूनच. घसा कोरडा पडतो आणि कान तापतात. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा दुसऱ्या गावात, आणि मुलीला रोज तिकडे कोण पाठवणार, म्हणून ती गोष्ट तिथेच संपली. त्याचं मला फार काही वाटत नव्हतं. त्या दिवशी वाटलं. शिकलेलं कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या मनात आलं, शिकलेले तुम्ही आहात ना, मग सांगायचं काम कोणाचं?

मनातच आलं. बोलले काही नाही.

माझी मुलगी धुळ्याला नर्सिंग करते, पहिलं वर्ष. वडिलांचं ऐकून ती एसटीने आली आणि परीक्षा जवळ होती म्हणून पुस्तकं घेऊनच आली. माणसाचं शरीर शिकायच्या आधी त्यांना थोडं रसायनशास्त्र शिकवतात. ते तिला सर्वांत अवघड जात होतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने पाठ करायची आणि मी भाकरी थापत ऐकायचे. आधी मला फक्त आवाज ऐकू यायचा. मग एकदा तिनेच पुस्तक मिटलं.

"मम्मी, मीठ पाण्यात टाकलं की कुठे जातं?"

"विरघळतं."

"म्हणजे काय होतं?"

"दिसेनासं होतं."

"दिसेनासं होतं, पण असतं. त्याचे दोन वाटे होतात. एक सोडियम, एक क्लोरिन. सोडियमच्या बाहेरच्या फेऱ्यात एकच इलेक्ट्रॉन असतो, तो त्याला नकोच असतो. क्लोरिनला एक कमी असतो. हा देतो, तो घेतो. देणारा अधिक होतो, घेणारा उणे होतो, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात. ते म्हणजे मीठ. पाण्यात टाकलं की पाणी मध्ये घुसतं आणि दोघांना सुटं करतं."

"दिल्यावर माणूस उणा होतो," मी म्हटलं. "अधिक कसा होईल?"

ती हसली. "इलेक्ट्रॉनच उणे असतो गं. उणं देऊन टाकलं की अधिक उरतं."

"बरंय त्याचं. मी जन्मभर देतेय, उणीच राहिले."

"मम्मी, मला पाठ करायचंय!"

पण मला आता सोडवेना. ती म्हणाली, नुसता सोडियम हा एक धातू आहे, पाण्यात टाकला तर पेट घेतो. नुसता क्लोरिन हा विषारी वायू. दोन्ही एकत्र आले की आपण भाजीत टाकतो. मी मिठाच्या बरणीकडे बघितलं. ही बरणी माझ्या हाताशी किती वर्षं आहे! या बरणीवरून मला किती गोष्टी सांगितल्या गेल्या. मीठ सांडू नये, संध्याकाळी मीठ कोणाला देऊ नये, हातावर मीठ देऊ नये. आणि हे एवढं एक कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कागदाला ओली हळद चोळून वाळवली आणि त्यावर खायच्या सोड्याचं पाणी टाकलं. कागद लाल झाला. मग लिंबू पिळलं, परत पिवळा. तिला वाटलं मी चकित होईन.

"हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "पोलक्याच्या हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो. पापडखाराचा हात हळदीला लागला तरी होतो."

"मग झालं की! तेच आम्ल आणि तेच आम्लारी. रक्त थोडंसं सोड्याच्या बाजूला असतं, अगदी थोडंसं. त्यापेक्षा इकडे तिकडे झालेलं शरीराला चालत नाही. किडनी बिघडली की रक्तातलं आम्ल बाहेर पडत नाही. पप्पांना त्या पांढऱ्या गोळ्या दिल्यात ना, तो सोडाच आहे."

त्या गोळ्या मी रोज त्यांच्या हातावर ठेवत होते. मला वाटायचं, ताकदीच्या असतील.

आणि मग पोटॅशियम आलं. तिच्या खोलीतली एक मैत्रीण दोंडाईच्याची आहे. तिने सगळ्यांना पाठ व्हावं म्हणून अहिराणीत एक ओळ करून दिली होती. मुलगी ती गाण्यासारखी म्हणायची. "सोडियम बाहेर शे, पोटॅशियम मझार शे, बठ्ठा खेळ दारना शे." शरीरातल्या प्रत्येक पेशीला दारं असतात म्हणे. सोडियमची वस्ती दाराबाहेर, पोटॅशियमची आत. पेशी रात्रंदिवस एकाला बाहेर काढते आणि दुसऱ्याला आत ओढते. दारं उघडली की ते इकडचे तिकडे होतात. त्यानेच हात हलतो, त्यानेच काळजाचा ठोका पडतो.

"आणि बाहेरच पोटॅशियमची गर्दी झाली तर?" मी विचारलं.

"तर आत-बाहेर असा फरकच उरत नाही. मग दार उघडून उपयोग नाही. आधी पायातली ताकद जाते. मग ठोका चुकतो. मग थांबतो." तिने हे पुस्तकातलं म्हणून सांगितलं आणि सांगता सांगता तिचाच आवाज बसला. "जास्तीचं किडनी लघवीतून काढून टाकते. पप्पांची काढत नाही. म्हणून तू भाजीचं पाणी ओततेस. ते पाण्यात उतरतं."

मी तवा खाली उतरवला. "पण पोटॅशियम म्हणजे नेमकं काय? मीठ दिसतं. हे कसं असतं?"

"तू बघितलंयस की. मोठ्या पप्पांच्या शेडमध्ये पोती असतात ना, लालसर खड्यांची? पोटॅश. तेच ते. त्यातलं अर्धं क्लोरिन, अर्धं हे."

लग्नानंतरची काही वर्षं मी शेतावर होते. त्या लालसर खड्यांची पाटी कमरेवर घेऊन मी केळीच्या ओळीतून फिरले आहे, प्रत्येक बुंध्याशी मूठ टाकत. घड भरला पाहिजे, केळं वजनदार झालं पाहिजे, म्हणून पोटॅश. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. सासूबाई केळीचे वाळलेले खुंट जाळून त्यांची राख भिजवायच्या आणि ते पाणी गाळून पापडाच्या पिठात घालायच्या. तेही तेच, मुलगी म्हणाली. म्हणजे ते माझ्या मुठीत होतं, चुलीत होतं, पापडात होतं. आणि त्या दुपारी माझ्या नवऱ्याच्या छातीत होतं. सगळीकडे त्याचा रस्ता माझ्या हातावरूनच गेला होता आणि मला त्याचं नाव आत्ता कळत होतं. मी भाकरी टाकली नाही त्या वेळी. नुसती बसले. मुलीला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते, मी संतापले होते. कोणावर संतापायचं तेच कळत नव्हतं.

केळी मी खुंटीवरून काढली आणि शेजारच्या गाईला घातली.

मुलगी धुळ्याला परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात भाऊ आणि अक्का आले. अक्का म्हणजे माझी जेठाणी. नव्या बागेची पहिली कापणी झाली होती. पहिल्या घडातली फणी आधी घरच्या देवापुढे ठेवायची आणि मग घरातल्या थोरल्याने स्वतःच्या हाताने केळं सोलून प्रत्येकाला घास द्यायचा, अशी आमच्या घराची रीत आहे. घरात कोणी आजारी असेल तर पहिला घास त्याचा. भाऊ त्यासाठी मोटारसायकलवरून एवढ्या लांब आले होते. पिशवीतून त्यांनी फणी काढली. पिवळीजर्द, एकेक केळं हातभर.

आणखी एक रीत सांगायला हवी. मी भाऊंशी बोलत नाही. भांडण नाही, आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने जेठाशी समोरासमोर बोलायचं नसतं. पदर डोक्यावर, नजर खाली. मी अक्कांना म्हणायचे, "भाऊंना विचारा, चहा घेणार का," आणि भाऊ दोन हात अंतरावर बसून अक्कांना सांगायचे, "सांग तिले, साखर कमी टाक." लग्नापासून हेच. मला ते कधी जड गेलं नव्हतं. खरं तर सोयीचंच होतं.

"काय भो, पार वाळला तू," भाऊ नवऱ्याला म्हणाले. "काय चारतात तुले इथं?"

"डॉक्टरनं फळं बंद केली."

"बरोबर केलं. त्या सफरचंदाले मेन लावतात मेन. हे घरचं हाये." आणि त्यांनी केळं सोलायला घेतलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. मुलीने त्यांनाही समोर बसवून सगळं सांगितलं होतं, चित्र काढून. तारा त्यांच्याच छातीला लावल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

ते उघडलेलं तोंड मी कधी विसरणार नाही. लहान पोरासारखं उघडलं होतं.

"देऊ नका," मी म्हटलं. आवाज निघालाच नाही नीट.

"काय म्हनते व?" अक्कांनी विचारलं.

मी दारातून पुढे आले. "भाऊ, त्यांना केळं देऊ नका."

भाऊंचा हात थांबला. पण ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी अक्कांना विचारलं, "काय म्हनते ही?"

"केळं देऊ नका म्हनते."

"काहून?"

"काहून व?" अक्कांनी मला विचारलं. मी तिथे तीन पावलांवर उभी, भाऊही तिथेच, आणि विचारणं अक्कांमार्फत. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"भाऊ, तुम्ही बागेला पोटॅश देता ना? घड भरावा म्हणून? ते केळात उतरतं. केळातून रक्तात उतरतं. आपली किडनी ते बाहेर टाकते. यांची टाकत नाही. ते साठतं आणि त्यानं काळीज थांबतं. त्या दिवशी थांबतच होतं. तुमच्या घासानं आज थांबेल."

अक्का म्हणाल्या, "माय व! तोंडाले काही धरबंध? भरल्या घरात असं बोलते?" आणि मग, "चौथी शिकली अन् डॉक्टरीन झाली. आमी जल्मभर केळं खाऊन राहिलो, आमच्या पोटात पोतं निंघालं का पोटॅशचं?"

भाऊंनी अर्धं सोललेलं केळं ताटलीत ठेवलं. ते आता भिंतीशी बोलत होते. "म्हंजे मी माह्या भावाले खत चारून राहिलो. इख चारून राहिलो."

"मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलं."

ते उठले. पाणीसुद्धा घेतलं नाही. अक्कांनी फणी पिशवीत कोंबली आणि जाताना दारात म्हणाल्या, "आता बोलाले लागलीच हाये तं बोल मनभर." मोटारसायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. माझा पदर खांद्यावर आला होता. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं.

"एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?" माझा नवरा म्हणाला. "मोठा भाऊ आहे तो माझा."

"तुम्ही तोंड उघडलंच कसं?"

ते ताटलीतल्या केळ्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला सगळं माहीत होतं. मला विचारू नका काय बिघडलं असतं. तुम्ही मला सांगा, कसं उघडलं?"

ते उठून ओट्यावर गेले. पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलले. ताटलीतलं केळं काळं पडलं तेव्हा मी ते उचलून टाकलं. ताटली घासताना ती मी इतकी जोरात आपटली की काठ वाकला. ती अजून तशीच आहे, वाकलेली, मी तिच्यात चटणी वाढते. मला भाऊंचा राग नव्हता, तेव्हाही नव्हता. त्यांना कोणी सांगितलं होतं? पण ज्याला सांगितलं होतं, कळलं होतं, तो भावाला नाही म्हणता येत नाही म्हणून मरायला तयार झाला. त्यात माझा, मुलीचा विचार कुठे होता? रीत मोडायला मी होते म्हणून बरं. मी बोलले तर माझं तोंड दिसलं, त्यांनी तोंड उघडलं ते कोणाला दिसलं नाही.

महिन्याने रक्त तपासलं. पोटॅशियम खाली आलं होतं. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "गुड. चांगला कंट्रोल ठेवलात तुम्ही." माझा नवरा हो म्हणाला. मी खुर्चीच्या मागेच होते.

"यांनी नाही ठेवला," मी म्हटलं. "मी ठेवला."

डॉक्टरांनी मान वर केली. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "हो का, छान," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तरी मी उभी राहिले आणि विचारलं, "केळं बंद असं सगळ्यांना वेगळं सांगता का आता?" घसा कोरडा पडला होता, कान तापले होते, पण विचारलं. ते म्हणाले, "सांगतो, सांगतो." सांगत असतील की नाही, मला माहीत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावाहून बोलावणं आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही. माझा नवरा दिवसभर ओट्यावर बसून राहिला. मी त्या दिवशीही बटाट्याचं पाणी ओतलं.

आणि मग एक दिवस भाऊ आले, एकटेच. हातात कापडी पिशवी. मी स्वयंपाकघरात गेले. भाऊंनी पिशवीतून केळी काढून भावापुढे ठेवली. बारकी, काळपट, डागाळलेली केळी. बाजारात त्यांना कोणी हात लावला नसता. भाऊ भावाशी बोलत होते, पण आवाज मोठा होता, आतपर्यंत यावा असा.

"हे गोठ्यामागच्या केळीच्या बेटाचं हाये. त्याले आपन कधी पोटॅश देल्लं नाही. युरिया नाही, काही नाही. म्या सोताच्या डोयानं राखलं, कोनाले शिंपडू देल्लं नाही. हे चालते. विचार तिले."

मी दारात आले. त्या केळ्यांकडे बघितलं. ज्या माणसाने जन्मभर घडाचं वजन बघितलं, त्याने भावासाठी हे बिनखताचं, बिनवजनाचं केळं जपलं होतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. कारण आता मला परत नाही म्हणायचं होतं. सगळे प्रेमानेच करतात. प्रेमाने चारतात, प्रेमाने तोंड उघडतात, आणि नाही म्हणायला मी एकटी, दरवेळी मीच दुष्ट.

"भाऊ, तरी चालत नाही," मी म्हटलं. "आपण नाही दिलं तरी झाड ते मातीतून ओढतंच. त्याला ते लागतं. आपण पोत्यातून देतो ते वरचं."

भाऊंनी एक केळं उचलून उलटसुलट करून बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "हां. मातीत असतेच. माती तपासली का लिहून येते ते." त्यांना पटलं होतं. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. पण पटल्यावर त्यांचा चेहरा जास्तच पडला. भावालाच म्हणाले, "मंग मी काय आनू तुह्यासाठी? माह्याकडं दुसरं काय हाये?"

माझ्या नवऱ्याला काही बोलता येईना. त्यांना कधीच येत नाही.

"काही आणू नका," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं या."

"आजाऱ्याकडं? रिकाम्या हातानं?" हे ते माझ्याकडे बघून म्हणाले की भिंतीकडे, मला सांगता येणार नाही. केळी पिशवीत भरून ते निघून गेले. चहा घेतला, एवढं मात्र खरं.

मला वाटलं, आता येत नाहीत. नाही आले तर नाही. माझा राग त्यांच्या येण्याजाण्यावर अवलंबून नव्हता. तो अजूनही संपलेला नाही. मोरीत पाणी ओतताना तो रोज नवा असतो. म्हणून तर हे लिहीत बसले आहे. बोलून किती बोलणार, आणि कोणाशी?

परवा दारात मोटारसायकल थांबली. भाऊ उतरले. पिशवी नव्हती. ओट्यावर चढले आणि तिथेच उभे राहिले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. एकदा कमरेवर ठेवले, एकदा मागे बांधले, मग खिशात घातले. आत येऊन भावाशेजारी बसले. माझा नवरा सरकला आणि दोघे शेजारी शेजारी बसून दारातून गल्लीकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने भाऊ माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आज म्या काही आनलं नाही."

मी समोरच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन.

"मी इथंच आहे, भाऊ," मी म्हटलं. "मलाच सांगा."

माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. भाऊंनी तांब्या घेतला, घोट घेतला, मिशा पुसल्या. मग जमिनीकडे बघत, पण मलाच, म्हणाले, "काही आनलं नाही आज."

"बरं केलंत," मी म्हटलं, आणि बटाटे चिरायला आत गेले.